मी आवाज दिला होता

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. हे मी नाही, माझी बायको सांगते, आणि तेही कुणी विचारायच्या आधीच. पण ती अर्धंच सांगते. माझा राग दोन हप्त्यांत येतो. पहिली दहा मिनिटं मी आरडाओरडा करतो. ती दहा मिनिटं परवडतात. त्यानंतर तासभर माझ्या तोंडाला कुलूप लागतं. चहा हवा का, तर मान हलवायची. जेवणार का, तर मान हलवायची. घरातले पहिल्या दहा मिनिटांना घाबरत नाहीत, त्या एका तासाला वैतागतात. आता जे सांगणार आहे ते सगळं या दुसऱ्या हप्त्यामुळे झालं.

मी भिवंडीजवळ वळ गावाच्या पट्ट्यातल्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. राहायला पडघ्याच्या आत एका गावात. पहिल्या शिफ्टला सकाळी कंपनीची बस घेऊन जाते, दुपारी तीच परत आणते, आणि येताना हायवेवर कंटेनरच्या रांगेत तासभर उभी राहते. बसमध्ये बाकीचे मोबाईलवर रील बघतात. मी आधी झोपायचो. मग एका उन्हाळ्यात एक बाई आल्या आणि माझ्या झोपेचं खोबरं झालं.

या बाई गोदामात भाषण द्यायला आल्या होत्या. अशी भाषणं वर्षातून एकदा असतात, समोसे मिळतात म्हणून सगळे जातात. बाई म्हणाल्या, डोळे मिटा. जिथे तुम्ही चुकलात असा एखादा प्रसंग आठवा. आता तोच प्रसंग मनात पुन्हा घडवा, पण तुम्हाला हवा तसा. एकदा नाही, वीस वेळा. घडलेलं आणि कल्पलेलं यातला फरक मनाला फारसा कळत नाही, त्याचा फायदा घ्या, स्वतःला सुधारा. बाकीच्यांनी डोळे मिटून घोरायला सुरुवात केली. मला मात्र ते पटलं. फुकटात माणूस सुधारत असेल तर वाईट काय?

आदल्याच दिवशी घरी मी जेवणाचं ताट ढकललं होतं. वाकटीच्या कालवणात मीठ जास्त पडलं म्हणून. परतीच्या बसमध्ये डोळे मिटले आणि तो प्रसंग पुन्हा घडवला. ताट समोर आहे, पहिला घास खारट आहे, आणि मी म्हणतोय, "मीठ जरा पुढं गेलंय गं, थोडा भात वाढ." वीस वेळा म्हटलं. चार-आठ दिवसांनी खरंच पुन्हा मीठ जास्त झालं आणि माझ्या तोंडून तेच वाक्य, त्याच सुरात बाहेर पडलं. बायकोनं भात वाढला आणि हात पुसून माझ्या कपाळाला लावून बघितला.

"ताप न्हाय," ती म्हणाली. "मंग काय झालंय?"

मला भारी वाटलं. मग मी सुटलोच. लेकीवर गणितावरून ओरडलो तो प्रसंग दुरुस्त केला. बसच्या ड्रायव्हरशी भांडलो तो केला. प्रत्येक वेळी पुढच्या खेपेला मी थोडा बरा वागायचो. खोटं कशाला बोलू, ही युक्ती कामाची आहे. आजही माझं तेच मत आहे. म्हणूनच पुढचं नीट सांगायला हवं.

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. सणाचा माल इतका आलेला की रॅकच्या दोन रांगांमधल्या वाटेतसुद्धा खोके रचलेले. माझं मशीन जुनं, डिझेलचं. त्याचा हॉर्न कधीचा बंद पडलेला. मॅनेजरला सांगितलं की उत्तर, "होईल, होईल." मग आम्ही ड्रायव्हर लोक रांगेच्या वळणावर तोंडानंच आवाज द्यायचो. प्रत्येकाचा आवाज वेगळा. एक जण शिट्टी मारायचा, एक जण "साइड साइड" करायचा, आणि माझं "ओऽऽ बाजू!" एवढं लांबलचक असायचं की लोडर लोक जेवणाच्या सुट्टीत माझी नक्कल करायचे. पाठमोरा लोडरसुद्धा आवाजावरून ओळखायचा, कोण येतोय, किती लांब आहे. मागे वळून न बघता एक पाऊल बाजूला व्हायचा. हा नियम कुठल्या कागदावर नव्हता, पण आमचे हातपाय त्याच्यावरच शाबूत होते.

त्या लोडरांमध्ये एक मामा होते. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. पन्नाशी ओलांडलेले, गणेशपुरीच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला त्यांचा पाडा. भात लावून झालं की गोदामात यायचे, कापणीला सुट्टी घ्यायचे, पुन्हा यायचे. कमी बोलायचे. माझ्या आवाजाची सगळ्यात चांगली नक्कल त्यांचीच.

त्या सकाळी माझं सुपरवायझरशी वाजलं. त्यानं माझा माल दुसऱ्याच डॉकला लावून ठेवला होता. दहा मिनिटं मी गोदाम डोक्यावर घेतलं. मग कुलूप. मशीनवर बसलो आणि तोंड शिवून फिरत राहिलो. सातव्या रांगेच्या वळणावर मामा वाकून खोके सरळ करत होते. मी वळलो. मालाखालच्या लाकडी पॅलेटचा कोपरा त्यांच्या घोट्यावर बसला.

मी आवाज दिला नव्हता.

आज हे मी एका ओळीत लिहू शकतो. पण मधले दोन महिने मला हे माहीतच नव्हतं.

मामांना भिवंडीत दवाखान्यात नेलं. घोट्याचं हाड मोडलेलं. मला त्या दिवशी घरी पाठवलं. शिफ्टच्या इन्चार्जनं कागदावर लिहिलं, लोडर अचानक मशीनच्या वाटेत आला. मला कुणी काही विचारलं नाही, आणि मी मूग गिळून बसलो.

दिवाळीनंतर गोदामात नवीन मशीन आलं. बॅटरीवर चालणारं, हॉर्न खणखणीत, आणि पुढे एक दिवा, त्याचा निळा ठिपका मशीनच्या आधी जमिनीवर धावतो. म्हणजे वळणाच्या पलीकडच्या माणसाला ठिपका आधी दिसतो. मी मोबाईलवर फोटो काढून लेकीला दाखवला होता. मशीन चांगलं, पण चालवणारा बिघडलेला. सातव्या रांगेचं वळण आलं की माझे हात लिव्हरवर थिजायचे. मागे माल थांबायचा, लोक हसायचे. आता हा धंदा आपल्याच्यानं होत नाही असं वाटायला लागलं. घरी सांगायची सोय नव्हती.

मग बाईंची युक्ती आठवली. बसमध्ये डोळे मिटले. मी वळणाशी येतोय. हळू. "ओऽऽ बाजू!" मामा न बघता एक पाऊल डावीकडे होतात. मी निघून जातो. पुन्हा. वळण, आवाज, मामा बाजूला. हायवेवर बस जितका वेळ उभी, तितका वेळ मी हेच घडवत बसायचो. आणि काय सांगू, पंधरा दिवसांत हात मोकळे झाले. सातवी रांग आठव्या रांगेसारखी वाटायला लागली. जीव भांड्यात पडला.

त्याचबरोबर आणखी एक गोष्ट होत होती, ती मला कळली नाही. आधी मी मनात म्हणायचो, आवाज द्यायला हवा होता. मग म्हणायला लागलो, आवाज दिला असता तर. मग, दिला असेल. मग, दिला होता. ही वाक्यं कोणत्या दिवशी बदलली ते आजही मला सांगता येत नाही. चोर घरात शिरल्याचा आवाज तरी होतो. इथे तोही नाही.

डोक्यात असं पक्कं बसलेलं घेऊन मी एका रविवारी केळी घेऊन मामांच्या पाड्यावर गेलो. मामा ओटीवर पाय पसरून बसलेले, पायाला प्लास्टर. इकडचं तिकडचं झालं आणि मी म्हणालो, "मामा, मी आवाज दिला होता हो. तुम्हाला ऐकू कसा नाही आला?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. "दिला?"

"दिला म्हणजे काय! नेहमीसारखा."

"मंग दिला आसशील," ते हळूच म्हणाले. "मना न्हाय आयकू आला."

मामी आतून म्हणाली, "वय झालं आता. मी हाक मारते तरी वळून बगत न्हाय."

मी अगदी हलका होऊन परत आलो. हे लिहिताना मला माझ्या मुस्काटात मारावीशी वाटते. पण त्या दिवशी मी वाटेतल्या गाडीवर वडापाव खाल्ला होता, तोही दोन.

लागल्यापासून तीन महिन्यांनी मामांचं प्लास्टर निघालं. डॉक्टरनं सांगितलं, पाय बरा आहे, काम करू शकता. मामांनी ऑफिसात फोन केला. मॅनेजर म्हणाला, वरून मंजुरी लागेल. मग मोठ्या ऑफिसातून सेफ्टीचे एक साहेब दोन दिवसांसाठी आले, त्यांनी सगळ्यात आधी मला बोलावलं. साहेब नाशिककडचे, मऊ बोलणारे. त्यांनी विचारलं, "वळणावर तुम्ही आवाज दिला होता का?"

"हो साहेब, दिला होता."

मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. आवाज माझ्या कानात होता. वळण डोळ्यांपुढे होतं. जीभ अडखळली नाही. साहेबांनी लिहिलं, मी सही केली.

साहेब म्हणाले, "म्हणजे त्यांचा कानाचा प्रश्न दिसतोय. ते स्वतःही फोनवर म्हणाले, आवाज ऐकू आला नाही. जिथे मशीनं फिरतात तिथे ऐकू न येणाऱ्याला घेणं बरोबर नाही. त्यांच्याच जिवाला धोका. उद्या संध्याकाळी तसा कागद पुढे पाठवतो."

मी मान हलवली. मला वाईटही वाटलं, पण ते दुसऱ्या कुणाचं वाईट झाल्यावर वाटतं तसं. वाटलं, बिचारे मामा. कानांनी घात केला.

घरी आलो तेव्हा पाच वाजले असतील. बायको बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत बसली होती. मीही समोर बसलो, वाल सोलायला घेतले आणि तिला सगळं सांगितलं. ती हळहळली. मामांना आता कोण कामाला ठेवणार, कान गेलेल्या माणसाला? मी म्हणालो, "अगं, आवाज दिला तो दिला, निळा ठिपकासुद्धा त्यांच्या पायाशी पडला होता. तरी माणूस हलला नाही."

तिचा हात थांबला. "कसला ठिपका?"

"मशीनचा गं. पुढं जमिनीवर धावतो तो."

"तो तं नव्या मशीनला हाय ना? दिवाळीनंतर आलं ना ते? पोरीला फोटो दाखवलात तुमी. मामांना लागलं दसऱ्याच्या आदी."

"तुला काय कळतं गोदामातलं?" मी ओरडलो. वालाची ताटली सरकवली. दहा मिनिटं घर डोक्यावर घेतलं. लेक आतल्या खोलीतून उठून अंगणात गेली. बायको वाल सोलत राहिली.

मग कुलूप. पण या वेळी कुलपाच्या आत मी एकटाच कोंडला गेलो. भिंतीला टेकून डोळे मिटले. वळण दिसलं. मामांची वाकलेली पाठ दिसली. आणि त्यांच्या टाचेपाशी तो निळा ठिपका, स्वच्छ, चमकणारा. त्या दिवशी तो तिथं असूच शकत नव्हता. ते मशीन तेव्हा गोदामातच काय, भिवंडीतही आलं नसेल. बसमध्ये मी नव्या मशीनवर बसल्याची कल्पना करत राहिलो आणि मशीनसकट ती मागे नेऊन चिकटवली. आणि ठिपका जर खोटा, तर आवाजाचं काय? मी पहिल्यांदा तासाच्या आत तोंड उघडलं.

"मी आवाज दिला होता का गं?"

"मला काय ठाव? मी थोडीच होते तिथं," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून जरा मवाळ झाली. "ज्याला ठाव आसंल त्याला इचारा. आनि सकाळीच इचारा. मामांचा कागद जाणार ना उद्या?"

सकाळी बसमधून उतरलो तो थेट सातव्या रांगेकडे. तिथे पॅकिंगचं टेबल आहे आणि त्यावर उत्तर प्रदेशचा एक पॅकर कायम असतो. आमची रोजची राम राम, त्यापलीकडे काही नाही. मी विचारलं, "मामा को लगा था उस दिन, मैंने आवाज़ दी थी क्या?"

त्यानं टेप लावता लावता वर बघितलं आणि हसला. "आवाज़? उस दिन तो आपकी आवाज़ ही नहीं निकली, भाई. सुबह सुपरवाइज़र से झगड़ा हुआ, फिर मुँह फुला के घूम रहे थे. हम लोग आपस में बोल रहे थे, आज ड्रायवर साहब का मौन व्रत है."

"तो किसी को बताया क्यों नहीं?"

"किसी ने पूछा ही नहीं," तो म्हणाला आणि पुढचा खोका ओढला.

खरं सांगतो, ते ऐकून आधी मला त्याचाच राग आला. मग आणखी एक गोष्ट झाली, तिचं नाव मला तेव्हा सुचलं नाही. तीन महिने माझ्या आत कुणीतरी दार धरून उभं होतं, ते दमून बाजूला झालं. ऑफिसकडे जाताना माझी पावलं भराभर पडत होती. घाबरलेला माणूस तसं चालत नाही.

साहेब आणि मॅनेजर चहा घेत होते. मी म्हणालो, "साहेब, काल सही केली तो कागद चुकलाय."

मॅनेजर म्हणाला, "अरे, हो गया ना साइन. जाओ, काम करो."

"काम नंतर. मी आवाज दिला नव्हता. मशीनचा हॉर्न पण बंद होता, तेही लिहा."

मॅनेजरच्या हातातला कप तसाच राहिला. "पागल हो गया है क्या?" हॉर्न बंद होता हे त्याला ऐकायचं नव्हतं, ते मला कळत होतं.

साहेबांनी चष्मा काढला. "काल मग खोटं का सांगितलंत?"

"खोटं नव्हतं साहेब. म्हणजे होतं. पण काल मला ते खरंच दिसत होतं." मग मी त्यांना सगळं सांगितलं. हात थिजायचे ते, बसमधलं डोळे मिटणं, रोजची वीस-वीस वळणं, निळा ठिपका. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत.

त्यांनी एवढंच विचारलं, "आणि आज जे सांगताय, ते दिसतंय का तुम्हाला?"

हो म्हणणं सोपं होतं. पण परत तीच चूक झाली असती.

"नाही साहेब. आवाज दिला तेही दिसतंय, नाही दिला तेही दिसतंय. माझ्या डोळ्यांचा आता भरवसा नाही. माझं सोडा. सातव्या रांगेच्या टेबलावर विचारा. आजूबाजूच्या लोडरांना विचारा. मी इथं थांबणार नाही, मी बाहेर बसतो."

मी बाहेर पाण्याच्या टाकीपाशी बसलो. एकेक करून चार जण आत गेले. पॅकर बाहेर येताना माझ्याकडे न बघता गेला, तेव्हाच समजलो. दुपारी साहेबांनी नवीन कागद लिहिला. मामांच्या कानांबद्दलची ओळ त्यात नव्हती. मामांना पुढच्या सोमवारपासून कामावर घ्यायचं, सुरुवातीला बसून करायचं काम द्यायचं. माझ्या नावावर ताकीद, महिनाभर मशीन बंद, पुन्हा ट्रेनिंग. मला वाटलं होतं थेट घरी बसवतील. महिनाभर हातानं माल ओढला आणि सुपरवायझरनं मिटक्या मारत माझ्याकडून काम करून घेतलं. काही म्हणालो नाही. राग आला नाही असं नाही, पण गिळला.

आता कुणी विचारेल, मग ती युक्ती सोडली का? नाही सोडली. एका बाबतीत वाट चुकली म्हणून रस्ता टाकून देणारा मी नाही. पण आता आधी जे घडलं ते लेकीच्या जुन्या वहीत दोन ओळींत लिहितो, जसं झालं तसं, माझी लाज काढणारं. मगच डोळे मिटतो. आणि मनातल्या त्या शहाण्या माणसाच्या डोक्यावर लालभडक फेटा चढवतो. मी आयुष्यात फेटा बांधलेला नाही, लग्नातसुद्धा टोपीच होती. त्यामुळे कधीही आठवलं तरी कळतं, हा फेटेवाला खोटा आहे, सरावासाठी ठेवलाय. मागचा प्रसंग घोटत बसण्यापेक्षा पुढचा घोटतो. उद्या मीठ जास्त पडलं तर काय म्हणायचं, उद्या सुपरवायझरनं डिवचलं तर काय करायचं. आणि ज्या प्रसंगात दुसऱ्या कुणाला लागलंय, त्याला मी हात लावत नाही. तिथे आधी त्या माणसाकडे जायचं. त्याच्या तोंडावर सांगून झालं, त्यानं काय बोलायचं ते बोलून झालं, की मग आपल्या मनाचं काय ते बघायचं. बायको म्हणते, एवढं सगळं करण्यापेक्षा रागच कमी करा. तिचं बरोबर आहे, पण तिला तसं सांगितलेलं नाही.

मामांकडे जायचं बाकी होतं. ऑफिसातून त्यांना फक्त कामावर या असा फोन गेला होता. का घेतलं, काय झालं, कुणी सांगितलं नव्हतं. ते माझ्या वाटणीचं होतं. मामा कामावर यायच्या आदल्या रविवारी एसटीनं गणेशपुरीला उतरलो आणि तिथून पाड्यापर्यंत चालत गेलो. या वेळी केळी नेली नाहीत. केळी घेऊन गेलो तर ती मध्ये येतील असं वाटलं.

मामा ओटीवर बसले होते, काठी बाजूला. मामी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं ओरडली, "डायवर आलाय! गोदामातला!" मामांनी मान हलवली. मी बसलो. मामी मला म्हणाली, "आता आसंच बोलावं लागतं. रस्त्यावर एकल्याला सोडत न्हाय मी. बाजाराला पन न्हाय. मागून गाडी आली तं कलायचं न्हाय." मामा जमिनीकडे बघत होते. त्यांना ती ऐकू येत होती, मला स्पष्ट दिसत होतं. पण त्यांचा स्वतःवरच विश्वास राहिला नव्हता. पोर रस्ता ओलांडताना आईचा हात धरतं तसं ते तिच्याकडे बघून मान हलवत होते.

"मामा," मी हळू आवाजात म्हणालो, मुद्दाम हळू. "मी त्या दिवशी आवाज दिला नव्हता."

त्यांनी मान वर केली.

"मागं आलो तेव्हा चुकीचं बोललो. मला तसंच वाटत होतं, पण ते खरं नव्हतं. सकाळी भांडण झालं होतं, मी फुगून बसलो होतो, तोंड उघडलं नाही. पॅकरनं सांगितलं, बाकीच्यांनी पण सांगितलं. आवाज झालाच नाही मामा. तुम्हाला कुठनं ऐकू येणार?"

एक कोंबडी ओटीवर चढली, तिला मामांनी काठीनं हाकललं.

"दोन महिनं," ते म्हणाले. "दोन महिनं मी रोज आठवतंय. तू आवाज देतंस आनि मना आयकू येत न्हाय. रोज आठवतंय. तुजा आवाज मना आयकू येत न्हाय म्हंजी मी कामातनं गेलो, बोललो." मग त्यांनी मला एक शिवी दिली, अस्सल, आईवरून. मी मान खाली घातली. ती माझीच होती.

मग ते माझ्याकडे वळले. "मंग माजं कान बरं हायत?"

"बरे आहेत मामा. एकदम बरे आहेत."

"आयकलंस का?" ते मामीला म्हणाले. मामीनं पदर तोंडाला लावला. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं. माझंही तेच झालं. आम्ही दोन बाप्ये ओटीवर बसून रडतोय आणि मामी कुणाला पाणी द्यावं म्हणून उभी, असं दृश्य होतं. मला इतकं मोकळं वाटलं की मी पाण्याचे दोन तांबे संपवले.

निघालो तर मामा काठी घेऊन उठले. म्हणाले, फाट्यापर्यंत येतो. मामी चप्पल शोधायला लागली. मामा म्हणाले, "तू ऱ्हा. मना आयकू येतं."

आम्ही दोघं हळूहळू फाट्यावर आलो. ते गाड्यांच्या बाजूनं, मी त्यांच्या आतल्या बाजूनं. वडाखाली दगडावर बसलो. सोमवारी किती वाजता यायचं, बसून कसलं काम असतं, असं बोलत होतो. मध्येच मामांनी हात वर करून मला गप्प केलं आणि मान जरा तिरकी केली.

"यष्टी आली," ते म्हणाले.

मी कान देऊन ऐकलं. मला झाडावरच्या साळुंक्यांशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं. रस्ता दोन्हीकडे रिकामा होता. मामा माझ्याकडे बघून हसत होते. बऱ्याच वेळानं लांबच्या वळणावर लाल रंग दिसला आणि मग कुठे मला इंजिनची घरघर ऐकू आली.